हयात की मयत

मेलेल्या माणसाइतकं सभ्य गिऱ्हाईक मी दुसरं पाहिलं नाही. फोन करत नाही, घाई करत नाही, आणि त्याचं मृत्युपत्र शोधून काढलं तरी उलटून विचारत नाही, की माझ्यामागं माझे कागद का उचकलेस म्हणून. भांडतात ती मागं राहिलेली. सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांतली मृत्युपत्रं आणि वंशावळी हुडकून देण्यात माझा जन्म गेला. वकिलांच्या भाषेत मी सर्च घेणारा. गावाच्या भाषेत मयतबापू. मी गल्लीत शिरलो की म्हातारी माणसं खोकायची थांबतात आणि ताठ बसतात, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. पलूसच्या एका गृहस्थांनी तर मला दारात बघून आतूनच हाळी दिली होती, "अजून हाय मी! फुडच्या घरात बघा!"

ज्यांना या धंद्याची ओळख नाही, आणि देवकृपेनं पडूही नये, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मृत्युपत्र असतं कुठं? एक तर घरात. गादीखाली, पत्र्याच्या ट्रंकेत, नाहीतर धान्याच्या कणगीत. नोंदवलेलं नसलं तरी कायद्याला ते चालतं, उंदराला त्याहून जास्त चालतं. दुसरी जागा म्हणजे दुय्यम निबंधकाचं कार्यालय, जिथं खरेदीखतं होतात तिथंच. तिसरी जागा जिल्ह्याच्या निबंधकाकडं, लाखेचा शिक्का मारलेल्या पाकिटात. प्रोबेट म्हणजे ‘हे मृत्युपत्र खरं’ असं कोर्टानं लिहून देणं. आपल्याकडं त्याची सक्ती कधी नव्हती, पण मुंबई, मद्रास, कलकत्त्याला असायची. त्यामुळं विट्याकडची जी माणसं सोनं गाळायच्या, म्हणजे गलाईच्या, धंद्यात देशभर पांगली, त्यांचे आजे-पणजे शोधायला मला त्या त्या शहरातल्या कोर्टांच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. मद्रासच्या उन्हात माझं वजन इतकं उतरलं, की परत आल्यावर बायकोनं आधी ओळखपत्र मागितलं.

असेच विट्याकडचे एक शेठ. तीन पिढ्या गलाईचा धंदा, दारात दोन गाड्या. नवीन बंगल्याला पूर्वजाचं नाव द्यायचं होतं आणि पूर्वज सरदार होता अशी त्यांच्या मंडळींची खात्री होती. मी पणज्याचं मृत्युपत्र काढून हातात दिलं. त्यात घोडा नाही, तलवार नाही. एक आंधळी म्हैस थोरल्याला, आणि तिला चारायची जबाबदारी धाकट्याला. शेठनी कागद उलटून मागची बाजूही पाहिली. मग हळूच म्हणाले, "बापू, जरा वरच्या अंगाला बघा की. दुसरं कोण घावतंय का?" मी म्हणालो, "शेठ, आणखी वर गेलो तर म्हैसही राहायची नाही."

हसून घ्या. पुढं हसायला फारसं नाही.

या धंद्याचा एक नियम आहे. माणूस जिवंत असेपर्यंत त्याचं नोंदवलेलं मृत्युपत्र त्याच्याशिवाय कुणाला मिळत नाही. तो गेला, की मृत्यूचा दाखला दाखवून कुणीही नक्कल मागावी. आणि वंशावळ करताना प्रत्येक नावापुढं दोनपैकी एक शब्द लिहावाच लागतो: हयात किंवा मयत. तिसरा शब्द सरकारनं ठेवलेला नाही. मी हजारो नावं लिहिली असतील, कदाचित लाखही असतील, माझ्या तोंडाला लाखाशिवाय चव येत नाही. पण एका नावापुढं काय लिहावं ते मला आजवर ठरवता आलेलं नाही.

ते नाव बिरूचं.

बिरूची बायको सुलाबाई माझ्याकडं आली ती भर दुपारी. आटपाडीच्या पुढं, जिथं पाऊस रस्ता विचारत विचारत येतो आणि न सापडून परत जातो, तिकडची. मेंढपाळाचं घर. पन्नाशीची, उन्हानं रापलेली बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. निबंधक कार्यालयाबाहेरच्या माझ्या टेबलासमोर ती चवड्यांवर बसली. खुर्ची दिली तर म्हणाली, "नगं. खुर्चीत मला बोलाय येत न्हाई."

तिचा सासरा मायाप्पा वारला होता. मायाप्पाला दोन मुलगे, थोरला धुळा आणि धाकटा बिरू. बिरूला लग्नानंतर एका गलाईवाल्यानं दुकानात कामाला म्हणून लांबच्या शहरात नेलं. तिथं एके सकाळी तो चहा सांगायला बाहेर पडला आणि परत आला नाही. पोलीस झाले, देवऋषी झाले, वर्तमानपत्रात फोटो झाला. वर्षांमागून वर्षं गेली. मूलबाळ नव्हतं. सुलाबाई सासऱ्याबरोबर मेंढरांमागं चालत राहिली.

"मरताना मामंजी म्हणालं, तुझं लिवून ठेवलंय. कुठं ते सांगायच्या आत वाचा गेली," ती म्हणाली.

"घरात बघितलं?"

"घरात काय हाय बगाय? चार घोंगडी आन् थोरल्या जाऊचं त्वांड."

मी आटपाडीला शोध घेतला, नाही. विट्याला घेतला, नाही. सांगलीला घेतला, तिथं मायाप्पा नावाची इतकी माणसं निघाली की एक वेगळं गाव वसवता आलं असतं, पण आमचा मायाप्पा नाही. मग मी तिला विचारलं ते माझ्या धंद्यातलं सगळ्यात महत्त्वाचं. म्हातारं माणूस आपलं मृत्युपत्र आपल्या तालुक्यात नोंदवत नाही. कार्यालयाच्या दारात बसलेला लेखनिक कुणाचा तरी मेहुणा असतो आणि संध्याकाळच्या आत मुलांना सगळं कळतं. मृत्युपत्र कुठल्याही तालुक्यात नोंदवता येतं. म्हणून मी कागद शोधत नाही. म्हातारा कुठं बाजाराला जायचा, कुठल्या डॉक्टरकडं जायचा ते शोधतो.

"आक्का, मेंढरं घेऊन कुठं कुठं बसायचात तुम्ही?"

तिनं वाट सांगितली. दरवर्षी पावसाळा सरला की कळप घेऊन खाली कृष्णाकाठी उतरायचं. ऊस तुटलेल्या रानात मालक मेंढरं बसवून घेतात, लेंड्यांचं खत होतं म्हणून. भिलवडी, मग पलूस.

"पलुसाला येकदा मामंजी धुतलेलं धोतर नेसून गेलं हुतं," ती आठवत म्हणाली. "साडूला भेटून येतो म्हणालं. म्या म्हणलं, पलुसात ह्यांचा साडू कवा झाला?"

माझ्या अंगावर जे रोमांच उभे राहिले ते जवळजवळ सदऱ्याबाहेर आले. पलूसलाच ते मृत्युपत्र निघालं. साक्षीदार कोण, तर ज्यांच्या उसाच्या रानात मेंढरं बसली होती ते निवृत्त सुभेदार आणि त्यांचे शेजारी. मेंढरांच्या वाटेनं जाऊन मृत्युपत्र काढणारा माणूस या दोन जिल्ह्यांत मी एकटाच, हे मी लग्नकार्यात सांगत फिरलो. तेव्हा मला काय माहीत.

नक्कल हातात आल्यावर मी ती कार्यालयाच्या आवारातच वाचून दाखवली. सुलाबाई खाली मान घालून ऐकत होती. मायाप्पानं लिहिलं होतं, की धाकटा मुलगा बिरू परागंदा आहे. तो माघारी येईपर्यंत त्याच्या हिश्श्याचं रान थोरल्या धुळानं सांभाळावं. बिरू मयत असल्याचं ठरलं, तर ते रान त्याची बायको सुलाबाई हिच्या नावे व्हावं.

म्हाताऱ्यानं दोन्हीकडची काळजी घेतली होती. आणि नेमकं त्यामुळंच घर उलटं झालं.

तोवर काय होतं? धुळानं भावाच्या फोटोला कधीच हार घातला होता. त्याची बायको येता-जाता सुलाबाईला टोचायची, "कुंकू कुणाच्या नावानं लावतीस गं? पूस की आता." आणि सुलाबाई एकटी म्हणायची, की मालक हायती. मृत्युपत्राची बातमी गावात पोचली आणि दोन दिवसांत फोटोवरचा हार उतरला. धुळा पारावर बसून सांगायला लागला, "माजा भाऊ जिता हाय. माजं काळीज सांगतंय." त्याच्या बायकोनं तर बिरूच्या नावानं नवस बोलला. आणि इकडं सुलाबाईला, जिनं सगळा जन्म ‘हायती’ म्हटलं होतं तिला, आता कोर्टात उभं राहून ‘नाहीत’ म्हणायचं होतं. सात वर्षं ज्याची खबरबात घरच्यांनाही नाही तो मेला असं कायदा धरून चालतो. पण तसं कोर्टाकडून ठरवून घ्यावं लागतं.

ती तयार होईना. मी समजावलं, आमच्या वकीलसाहेबांनी समजावलं. शेवटी थोरल्या जावेनं समजावलं. म्हणजे तिची भांडी उचलून मेंढरांच्या वाड्यात ठेवली. त्या दिवशी सुलाबाई आली आणि म्हणाली, "टाका दावा. कागदावर मरू द्या त्यास्नी. घरात न्हाई."

तिच्या साक्षीच्या आदल्या दिवशी वकीलसाहेबांनी चाचरत सांगितलं, "बाई, उद्या तेवढं कपाळ..." तिनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी आली ती आणखी मोठं कुंकू लावून. वकीलसाहेबांनी माझ्याकडं असं पाहिलं, की जणू ते मीच लावून दिलं होतं.

विरुद्ध बाजूचा वकील उठला. तरुण, गुळगुळीत दाढीचा.

"बाई, कपाळावर काय आहे?"

"कुंकू."

"विधवा बाई कुंकू लावते का तुमच्यात?"

"न्हाई."

"म्हणजे नवरा जिवंत आहे, हे तुम्ही स्वतःच मानता?"

मी डोळे मिटले. दावा गेला, असं मनात म्हणालो. सुलाबाईनं पदर सारखा केला.

"कुंकू माजं हाय सायेब. रान त्येंचं हाय. तुमी रानाचं इचारा."

न्यायाधीशांचं पेन थांबलं. आमचे वकीलसाहेब नंतर मला म्हणाले, की असं उत्तर शिकवून येत नाही. मी गप्प राहिलो, म्हणजे ते मी शिकवलं असावं असं त्यांना वाटावं.

मग धुळाचे साक्षीदार सुरू झाले. इतकी वर्षं कुणाला न दिसलेला बिरू त्या हंगामात जिकडंतिकडं दिसू लागला. एकाला तो जतच्या पुढं, कर्नाटकच्या हद्दीत कानडी बोलताना दिसला. एकाला एस.टी.त दिसला, पण उतरेपर्यंत गर्दीत हरवला. मला भीती वाटायला लागली की उद्या तो मलाच दाढी करताना आरशात दिसेल. शेवटचा साक्षीदार गजा, परगावचा टेम्पोवाला. पाचगणीहून स्ट्रॉबेरी आणायचा. त्यानं शपथेवर सांगितलं, की पाचगणीजवळच्या एका मळ्यात बिरूला वाफ्यावर काम करताना पाहिलं.

"कशावरून बिरूच?" आमच्या वकिलांनी विचारलं.

"चालताना उजवा पाय वढत हुता."

बिरूला लहानपणी एडक्यानं गुडघ्यात धडक मारली होती, तेव्हापासून तो उजवा पाय ओढायचा. सगळ्या गावाला ठाऊक होतं. वकीलसाहेबांनी पुढं गजाच्या चिंध्या केल्या. मळा कुणाचा? माहीत नाही. महिना कुठला? आठवत नाही. बोललास का? नाही. टेम्पो कुणाच्या कर्जावर घेतलास, जामीन कोण? गजा घामाघूम झाला आणि म्हणाला, "धुळाआबा." कोर्टात हशा पिकला. मीही हसलो. फक्त मागच्या बाकावर सुलाबाई उठून उभी राहिली होती.

"कंच्या मळ्यात रं?" तिनं गजाला विचारलं.

शिपायानं तिला बसवलं. ती पुन्हा उठली. "जेवत हुतं का? बारीक झालं हुतं का?"

गजानं खाली बघितलं. त्याच्या आयुष्यात त्याला इतकी लाज एकदाच वाटली असेल, आणि ती मी पाहिली.

बाहेर चिंचेखाली वकीलसाहेब खुशीत होते. "जिंकलो," म्हणाले. "त्या गजानंच आपलं काम केलं." सुलाबाई माझ्याजवळ आली.

"बापू, पायाचं त्येला कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? धुळानं पढवलं. दिसतंय की सरळ."

"पढवलं असंल," ती म्हणाली. "पर बघितलंबी असंल."

"आक्का, अहो तो खोटा साक्षीदार आहे! कोर्टानं ओळखलंय, शिपायानं ओळखलंय, बाहेरच्या चहावाल्यानं ओळखलंय!"

"तुमचं खरं हाय. पर मळ्याचं नाव त्यो घेतच न्हवता बगा. खोटंच सांगायचं आसतं तर येकादं नाव घेतलं आसतं की."

पुढच्या तारखेला तिनं दावा मागं घेतला. कागदावर अंगठा उठवताना म्हणाली, "जित्या माणसाच्या मरणाचा दावा मी चालवू व्हय?" न्यायाधीशांनी तिला दोनदा विचारलं, कुणी जबरदस्ती केली का. ती म्हणाली, न्हाई. धुळाची ती एवढी मोठी थाप कोर्टात एकाही माणसाला पटली नव्हती. पटली ती फक्त जिच्याविरुद्ध मारली होती तिला. कोर्टाच्या फाटकातून ती तशीच एस.टी. स्टँडकडं गेली. पाचगणीच्या गाडीची चौकशी करताना मी तिला पाहिलं.

रान धुळाकडंच राहिलं. पुढं त्या भागात कालव्याचं पाणी आलं, पाठोपाठ माळावर सोलरवाले आले. धुळाला रान त्यांना द्यायचं होतं, पण बिरूचा हिस्सा अडकलेला: तो हयात असेल तर त्याची सही हवी, मयत असेल तर सुलाबाईची. घेणाऱ्यांनी वंशावळ मागितली, आणि धुळा माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. केस पिकलेले, हातात टोपी.

"बापू, बिरूचं मयत कसं करायचं?"

"अहो पाहुणे, तुम्हीच शपथेवर जिवंत केलाय की त्याला!"

"त्यो कोर्टाचा इषय हुता."

"मग हा कशाचा आहे?"

तो खुर्चीत बसला. त्याच्यावर जिभेला धार लावून घ्यावी म्हणून मी इतकी वर्षं वाक्यं साठवून ठेवली होती, पण त्याचा चेहरा बघून ती उपयोगाची राहिली नाहीत. "तिला सांगा, अर्दं रान तुझ्या नावावर करतो," तो म्हणाला. "तिनं निस्तं म्हणावं, गेलाय म्हणून. मी बी म्हणतो. दोगं मिळून म्हणू." मग टोपी हातात फिरवली. "गजाला पायाचं मीच सांगितलं बापू. आता माजंच आसं झालंय, बाजारात गेलो तर माणसांची तोंडं दिसत न्हाईत. पायच दिसत्यात."

मी पाचगणीला गेलो. हंगाम ऐन भरात होता. धुकं इतकं दाट की माझाच हात मला ओळखू आला नाही. चार मळे विचारत गेल्यावर एका उतारावर सुलाबाई सापडली. काळ्या प्लॅस्टिकच्या वाफ्यांमध्ये बायका वाकून फळं खुडत होत्या. तिच्या डोक्याला स्वेटरच्या बाह्या गुंडाळलेल्या, कपाळावर कुंकू तेच.

मी बांधावर बसून तिला सगळं सांगितलं. अर्धं रान, कालव्याचं पाणी, धुळाचा निरोप. वंशावळीचा कागद काढून बिरूच्या नावापुढची मोकळी जागाही दाखवली. ती खुडता खुडता ऐकत होती.

"आक्का, एक शब्द लिहायचाय. रान तुमचं होतंय. इथं थंडीत कशाला मरता?"

"हंगामाला हिथं माणसं येत्यात बापू, चारी दिशेची," ती म्हणाली. "आमच्याकडली, कर्नाटकातली, लांबलांबची. पाय वढत चालणारी तीन घावली. तिन्ही बघून आले." मग आजूबाजूच्या बायकांकडं बोट दाखवून हसली. "ह्या मला हाळी देत्यात. कुटं कोण लंगडं दिसलं की."

"आणि नाहीच आले तर?"

"तर न्हाई आलं."

"मग कागदावर काय लिहू?"

ती उत्तर देणार तोच उताराच्या खालून, धुक्यातून, एका बाईची हाळी आली. "सुलामावशीऽऽ!"

तिच्या हातातली पाटी जागीच खाली आली. लुगडं खोचून ती वाफ्यांमधल्या सरीतून उतरायला लागली. आधी चालत, मग पळत. सगळ्या बायका वाकल्या होत्या त्या सरळ होऊन बघत राहिल्या. कुणी हसलं नाही. खाली, मळ्याच्या टोकाला, खताचं पोतं खांद्यावर घेतलेला एक माणूस पाठमोरा चालला होता, एक पाय मागं ओढत. मी उभा राहिलो. आयुष्यभर मेलेल्यांच्या मागं फिरलेला मी माणूस, पण त्या घटकेला माझ्या हातातला कागद माझ्या नकळत चुरगळला गेला होता.

ती अर्ध्या वाटेवर थांबली. मग वळली आणि आली तशी सरीसरीनं वर येऊ लागली, या वेळी सावकाश. जवळ आल्यावर तिनं पाटी उचलली, सांडलेली फळं एकेक करून गोळा केली.

"डावा हुता," ती म्हणाली, आणि खाली बसून खुडायला लागली.